क्लॅरनेटचा कागद

— काय म्हणलात, रिक्त? परत सांगा जरा. ह्या कानानं मला कमी ऐकू येतं, तीस वर्षं ढोलवाला ह्याच बाजूला उभा राहायचा. र म्हणजे रिक्त. रिक्त अवकाश. वा. एवढे पुण्याहून नांदेडला आलात, देगलूर नाक्यावर चार जणांना विचारून माझं दुकान हुडकलं, आन पिशवीतून काढलं काय, तर र. बसा ना सर, बसा. तो स्टूल नका घेऊ, त्याचा पाय हलतो — हां, तो घ्या. हे असं हाय आमचं शाही ब्रास बँड. बँड म्हणजे आता पाटी हाय आन पाटीखाली मी हाय, गुलाम रसूल, क्लॅरनेटवाले. लोकांची क्लॅरनेटं दुरुस्त करून देतो. वाजवत न्हाई. का न्हाई ते तुम्ही विचारलं न्हाई, म्हणून मी सांगितलं न्हाई.

तुमचा लेख वाचला मी, हाव. कहकशांनं — माझी लेक, वरच्या खोलीत राहते, तुमचा चहा तीच करून राहिली — तिनं मोबाइलवर अक्षरं मोठी करून दिली. दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, हा कुणी दुसराच माणिकप्पा हाय. 'ज्येष्ठ रचनाकार माणिकप्पा यांची अखेरची बैठकीची रचना.' रचनाकार. सर, देगलूरच्या बाजारात ह्या माणसाला रचनाकार म्हणून हाक मारली असती, तर त्यानं वळून बघितलं नसतं, दुसऱ्या कुणाला बोलावून राहिले म्हणून रस्ता दिला असता. मास्तर होता तो. शाळेत संगीत शिकवायचा, म्हणजे प्रार्थना बसवायचा आन पंधरा ऑगस्टला लेझीम. बाकीच्या वेळात चाली करायचा. कुणासाठी? कुणासाठीच न्हाई. वह्याच्या वह्या भरल्या — कुणी मागितल्या न्हाईत आन त्यानं दाखवल्या न्हाईत. जिता होता तोवर पुण्याहून एक चिठ्ठी आली न्हाई. आता गेला, तर तुम्ही 'मौनाची बांधणी' म्हणून आठ पानं लिहून काढली. ऐकणारा गेला की माणसाला लिहायला लई सुचतं — ऐकणारा न्हाई, चुकलं माझं. करणारा.

न्हाई न्हाई, लेख चांगलाय. मी कुठं वाईट म्हणलं? रूपालीनं, मास्तरच्या लेकीनं, फोनवर घेतलेलं ते बावीस मिनिटांचं वाजवणं तुम्ही लई ध्यान देऊन ऐकलं. तुम्ही मोजलं — चार मात्रा वाजतं, चार मात्रा कुणीच वाजवत न्हाई. परत चार वाजतं, परत चार गप्प. बेचाळीस वेळा. मग रूपालीनं तुम्हाला व्हायोलिनच्या कागदाचा फोटो पाठवला, त्यात गप्प जागी मास्तरनं लिहिलेलं दिसलं, 'र ४'. तुम्ही म्हणलं, र म्हणजे रिक्त. शेवटच्या पानावर र ४ चा र ३ होतो, तर म्हणलं, 'इथे अवकाशही आकसू लागतो.' आन ते एक वाक्य तर मी पाठ केलंय — 'माणिकप्पा आपल्याला शून्याच्या दारात उभे करतात.' त्या शून्याच्या दारात एक बाई खोकती, ती कोण हाय म्हाइताय? मास्तरची शेजारीण. तिच्यावर तुम्ही काही लिहिलं न्हाई, तेवढं बरं केलं.

घ्या, चहा घ्या. साखर जास्त असंल, आमच्याकडं पाहुण्याला कमी साखर दिली की तो दुखावतो.

रूपालीनं तुम्हाला काय सांगितलं नक्की? 'त्या थांबण्याचं रसूलचाचांना विचारा.' एवढंच? एवढंच म्हणली ती? शिकवण्यावरच गेली बापाच्या, लातूरला शिक्षिका हाय ना, उत्तर येत असलं तरी पोराकडूनच काढून घेणार. बरं. विचारलं ना, मग ऐका. चौघांची गोष्ट हाय ही. तुम्ही तीनच मोजले.

एक देविदास, व्हायोलिन. उमरीचा. तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, मशिनीत डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची दोन — ज्यांच्यावर व्हायोलिन चालतं तीच. मशिनीला संगीत कळत असावं. दुसऱ्या कुणी व्हायोलिन भिंतीला टांगलं असतं. ह्यानं राहिलेल्या दोन बोटांवर सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं, फक्त वरच्या सुरांवर बोट पोचत न्हाई. दुसरी कावेरीबाई, ती बी उमरीचीच, भजनी मंडळात पेटी वाजवायची. लकवा मारला. डावा हात हलतो, पण त्याच्या मर्जीनं हलतो. भाता अर्धाच दाबला जातो, सूर निघतो आन मधेच बसतो. तिसरा मास्तर स्वतः, जलतरंगावर — चिनी मातीचे वाडगे, त्यात पाणी, हातात दोन काड्या. आन हाताला कंपवात. काडी टेकवली की टण न होता टणणणण. तुम्ही लिहिलंय, 'थरथरता नाद, जणू तळ्यावरून जाणारा वारा.' वारा न्हाई, सर. गोळी घ्यायला उशीर झाला की तसं व्हायचं. पण मास्तरनं ती थरथर बी कागदावर धरली होती, कुठं चालवायची, कुठं हात मांडीवर ठेवायचा, सगळं.

आन चौथा मी. जुना ऑर्केस्ट्रा होता आमचा, चौघांचा, जवानीतला. शाळांची गॅदरिंगं, गणपती, एखादं लग्न. मग मी बँडमध्ये गेलो, आन बँडमध्ये, सर, नवरदेवानंतर क्लॅरनेटवालाच. घोडा बी आपल्याकडं बघून चालतो. तुम्ही म्हणाल, मग तुम्ही त्या वाजवण्यात कुठं हाय? हाय ना. बेचाळीस जागी हाय. तुमच्या लेखात सगळ्यात जास्त तारीफ माझीच हाय — र म्हणजे रसूल.

प्या, गार होईल.

हाव, रसूल. र चार म्हणजे रसूल चार मात्रा. म्हणजे बाकीच्यांनी हात आवरायचा, इथं क्लॅरनेट हाय. कुणी नाव पूर्ण लिहितं का कागदावर? हात थरथरणारा माणूस, जिथं एका अक्षरात भागतं तिथं तीन कशाला लिहील? ते रिक्त-बिक्त काही न्हाई. क्लॅरनेटवाला आला न्हाई, एवढंच हाय. तुम्ही आठ पानं माझ्या गैरहजेरीवर लिहिली. शाळेत एवढी गैरहजेरी लावली असती तर नाव काढून टाकलं असतं.

का आलो न्हाई? ताप होता. ते सगळ्यांना माहीत हाय, ताप होता. पण ताप नंतरचा. आधी भांडण झालं. म्हणजे मी भांडलो, मास्तर भांडला न्हाई. दिवाळी झाल्यावर त्यानं आम्हा तिघांना देगलूरला बोलावलं, घरी, पुढच्या खोलीत. प्रत्येकाच्या हातात ज्याचे त्याचे कागद दिले. म्हणला, 'शेवटचं करून राहिलो. मंडप न्हाई, माइक न्हाई. ह्याच खोलीत वाजवायचं, दहा-बारा माणसं.' मी म्हणलं, मास्तर, मुक्याचं लग्न हाय का. हसला. मग मी माझा कागद बघितला. चार सूर, आन पुढं लिहिलेलं, 'श्वास ४'. परत चार सूर, परत 'श्वास ४'. पानभर. पहिलीच्या पोराला लिहून द्यावं तसं. श्वास घे. आता वाजव. श्वास घे.

आता हे तुम्हाला सांगायचं कारण न्हाई, पण लिहिणारच हाय तुम्ही काहीतरी, तर मौन लिहिण्यापेक्षा हे लिहा — माझा दम त्याच्या लई आधीच गेलता. जिना चढलो तर वरच्या पायरीवर बसायला लागायचं. आन लग्नसराई चालू. तर मी काय केलं? क्लॅरनेट नुसतं तोंडाला लावून चाललो. तीन वर्षं. कीबोर्डवाला क्लॅरनेटचा आवाज लावायचा, गाडीवर भोंगे, आन मी पुढं बोटं नाचवायचो, गाल फुगवायचो. गाल लई छान फुगवायचो, सर, लोक व्हिडिओ काढायचे. कुणाला कळलं न्हाई. घरात बी न्हाई, कहकशांला बी न्हाई — आता ऐकलं असंल तिनं, जिन्याचं दार उघडंच हाय. असू द्या.

मास्तरला कळलं होतं. रूपालीचं लग्न लातूरला झालं, बँड आमचाच होता, मी हट्टानं गेलतो. वरातीत मास्तर माझ्या शेजारनं चालत होता, लेकीचा बाप, फेटा-बिटा बांधलेला. चालता चालता त्यानं माझ्या क्लॅरनेटच्या खालच्या तोंडाशी असा तळहात धरला. एवढाच वेळ. हवाच येत नव्हती ना. फेटा सारखा केला आन पुढं गेला. पण त्यानंतर दर आठ दिवसाला फोन. काय जेवलात रसूलभाई, गोदावरीला पाणी किती आलं, बँडचं कसं चाललंय. मला वाटायचं, रिटायर माणूस, दिवस जात न्हाई. मी बी बोलत बसायचो. तो मोजून राहिला होता, सर. एका दमात माझे किती शब्द होतात, कुठं मी थांबतो, किती वेळ थांबतो. दोन वर्षं मोजलं, आन ते मोजलेलं त्या कागदावर मांडलं. आन मी तो कागद देविदास आन कावेरीबाईच्या समोर उघडून बसलो.

मी काय बोललो ते राहू द्या.

न्हाई, सांगतो, अर्धं सांगून उपयोग न्हाई. मी म्हणलं, ज्याला काडी धरवत न्हाई त्यानं दुसऱ्याचा दम मोजू नये. म्हणलं, एकाला बोटं न्हाईत, एकीला हात न्हाई, तुम्हाला आपला तोलच न्हाई, ह्या लुळ्या-पांगळ्यांच्या वरातीत मला कशाला घेता, मी धडधाकट हाय. असं म्हणलं. देविदास आपल्या हाताकडं बघत बसला. मास्तर म्हणला, 'साकु, रसूलभाई.' कानडीत पुरे म्हणजे साकु. देगलूरचा माणूस, तिकडं चालतं. तालमीत कुणी बेसूर झालं की हेच म्हणायचा, तेवढ्याच आवाजात. मी माझे कागद क्लॅरनेटच्या पेटीत कोंबले आन उठलो.

महिन्यानं त्यांनी वाजवलं. रविवारी, दुपारी चारला. त्यानंतर सतरा दिवसांनी मास्तर गेला. मी मातीला गेलो होतो. मागं उभा राहिलो, गर्दीत. देविदासनं बघितलं मला. बोलला न्हाई. अजून बोललेला न्हाई.

पुढं दोन-तीन आठवड्यांनी कावेरीबाई आली, उमरीहून, सुनेचा हात धरून, इथं, तुम्ही बसलाय तिथंच बसली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मला नुसतं रसूल म्हणती. म्हणली, "तू तापानं पडून होतास, हे मी खरं धरते. पण तिथं काय झालं ते तुला माहीत पाहिजे. पहिल्यांदा तुझी जागा आली, तर मी पेटीवर पुढचं वाजवायला घेतलं. मला वाटलं, न्हाई तो तर त्याच्या जागेचं काय धरून बसायचं. मास्तरनं काडी वर केली. म्हणला, रसूल वाजवून राहिला, मोजा." मी म्हणलं, कावेरीबाई, पाणी घेता का. म्हणली, "पाणी नको. बेचाळीस वेळा मोजलं आम्ही. मास्तर तर मान बी डोलवत होता."

तुम्ही लिहिलंय ना — 'पहिल्याच मिनिटाला माणिकप्पा काही पुटपुटतात, बहुधा एखादा मंत्र.' हाच तो मंत्र.

ती गेल्यावर मी रूपालीकडून ते वाजवणं मागवून घेतलं, समोर कागद ठेवून ऐकलं, तवा मला कळलं मास्तरनं काय केलतं. मला वाटलं होतं, त्यानं माझी कमी दाखवली. येड्यासारखं. माझ्या चार सुरांत वरचा सा होता, सर. देविदासचं बोट जिथं पोचत न्हाई, बरोबर तिथं. आन मी जिथं श्वास घेतो, तिथं देविदास. कावेरीबाईचा भाता बसायला लागला की खाली माझा एक लांब — लांब म्हणजे चार मात्रा — सूर, तिचा सूर पडू द्यायचा न्हाई म्हणून. ती सावरली की मास्तरची टणणणण. चौघं धडधाकट असते तर हे वाजलंच नसतं. आन मी न्हाई म्हणल्यावर काय झालं? तुमचं मौन झालं, ते ठीक हाय. पण पंधराव्या मिनिटाला देविदासला राहवलं न्हाई. तो माझा सा स्वतः घ्यायला गेला. करंगळी ताणली, आन घसरली. कर्र झालं. परत गेला, परत कर्र. तुम्ही त्याला काय म्हणलंय? थांबा, मला बघू द्या — 'जाणीवपूर्वक योजलेला विद्रोही घर्षणनाद.' ते बोट होतं, सर. लोकांसमोर, बारा माणसांसमोर, माझ्या जागी जाऊन राहिलं होतं.

दम लागला. थांबा.

हं. मग मी वाजवायला लागलो. दुकानाचं शटर अर्धं ओढून, दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. चार सूर, श्वास. चार सूर, श्वास. बरोबर बसायचं, मापानं शिवल्यासारखं. फक्त शेवटच्या पानावर र तीन होतो ना, ते मला कळंना, तेव्हा मला चार आरामात जमायचे. म्हणलं, इथं चुकला मास्तर, एक सूर कमी मोजला. ते मागच्या वर्षीचं झालं. आता तीनच जमतात.

एकदाच वाजवलं आम्ही, हाव. उमरीला, कावेरीबाईच्या घरी. रूपाली आलती, तिनं जलतरंग मांडलं. पण तिचा हात ठणठणीत. कितीबी केलं तरी टण ते टणच. ती रडकुंडीला आली, कावेरीबाई म्हणली, राहू दे बाई, तुझा हात चांगला हाय ह्यात तुझा काय दोष. मग तिघांनी वाजवलं. देविदास माझ्याकडं बघत नव्हता, पण माझा श्वास आला की बरोबर यायचा. बोलत न्हाई, पण येतो.

म्हणून म्हणतो, डिसेंबरात पुण्यात तुम्ही हे करून राहिलात ना — तीन तरुण वादक, नाट्यगृह, मौन तसंच राखणार — तर जरूर करा. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यात म्हणता, आता कशाला अडचण. तुमची पोरं धडधाकट हायत. त्यांचा दम लांब, बोटं दहा. ती थांबतील आन लोकांना वाटंल, शून्याचं दार उघडलं. पण खाली मास्तरचं नाव घालू नका. ज्याला थांबायची गरज न्हाई त्यानं थांबायचं सोंग करायचं, हे मास्तरचं न्हाई, हे माझं काम होतं, तीन वर्षं मी वरातीत तेच केलं.

कागद? हाय ना, माझ्याजवळच हाय. न्हाई, दाखवत न्हाई. रागवू नका, मी एकटा देणारा कोण? चौघांची चीज हाय, त्यातून एकदा मी कुणाला न विचारता उठलो, तेवढं पुरे झालं. उमरीला जा. देविदास आन कावेरीबाई एकाच गल्लीत राहतात, जिनिंगच्या मागं. दोघांना विचारा. देविदासला आधी विचारा. त्यानं हो म्हणलं, तर या, फोटो काढून घ्या, मी वाचून बी दाखवीन. त्यानं न्हाई म्हणलं तर तुमचं रिक्त तुम्हाला लखलाभ.

त्या रविवारी? वातावरण कसं होतं म्हणजे काय, मी तिथं नव्हतो म्हणून सांगितलं की. ऊन होतं चांगलंच, नरसीच्या फाट्यावर तर नुकतं टाकलेलं डांबर चिकटत होतं चपलेला — दिवाळी सरली तरी — हं? न्हाई, नरसी म्हणजे — नरसी देगलूरच्या रस्त्यावर हाय, हाव, मधेच. तापात? ताप होता ना. ताप होता, पण — तुम्ही फार बारीक ऐकता, सर, लेखात तेवढं दिसलं न्हाई. निघालतो मी. दहाच्या बसनं, पेटी मांडीवर, तिकीट देगलूरचं. नरसीला बस थांबली, चहाला उतरलो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. परत दिला. कंडक्टर म्हणला, चाचा, चला. मी म्हणलं, तुम्ही व्हा पुढं. त्यानंतर दोन गाड्या गेल्या देगलूरच्या, रिकाम्या. मी हॉटेलच्या बाकावर बसून होतो. भजी मागवली, खाल्ली न्हाई. चारला म्हणलं, सुरू केलं असंल त्यांनी. साडेचारला नांदेडची गाडी आली, तीत बसलो.

बस. उठा आता. उमरीची गाडी नाक्यावर मिळंल, नाहीतर स्टँडवर जा. दोघांना माझा सलाम सांगा. देविदासला सांगितलंच पाहिजे असं न्हाई, पण सांगा. आन हे नरसीचं कावेरीबाईला बोलू नका. तिच्या मनात मी तापानं पडून होतो. ते तिनं खरं धरलंय. तेवढं राहू द्या. जा.